वडाखालचं वाक्य

१

सुरभीचं पेज गायब झालं गुरुवारी आणि पोलिसांची नोटीस आली सोमवारी. म्हणजे आधी शिक्षा, मग आरोप. माझी बायको भानुमती झाशीच्या कचेरीत इतकी वर्षं वकिली करते, पण असा क्रम तिनेही पाहिला नव्हता. मला विचाराल तर मी म्हणेन, कलियुग आहे. पण मला कोणी विचारत नाही. मी मधुसूदन बिवलकर, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त, सध्या वकीलबाईंच्या स्कूटरचा बिनपगारी चालक.

जून महिना, बाहेर लूचा भाजता वारा चाललेला, आणि अशा दुपारी सुरभी चालत आमच्याकडे आली. ही पोर आमच्याच इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या घरातली. शाळेत भूगोल शिकवते. मराठी बोलताना सारखा हिंदीचा टेकू घेते, तरी 'तालकाठ' नावाचं मराठी पेज तिने हौसेने चालवलं होतं. त्यावर आमचे सणवार असत, म्हाताऱ्यांच्या गप्पा असत, आणि लक्ष्मी ताल या तळ्याच्या काठच्या सुशोभनाचे व्हिडिओ असत. सुशोभनाच्या फरश्या बसवल्या आणि दोन महिन्यांत उखडल्या, हे तिने पायाने फरशी हलवून दाखवलं होतं. ठेकेदार त्यामुळे चिडून होता.

भानुमतीने नोटीस वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे लक्षण बरं नसतं.

"सैन्याच्या हालचालींची माहिती पसरवून दहशतवाद्यांना मदत, असं लिहिलंय," ती म्हणाली. "गुरुवारी हजर व्हायचंय. हे कलम लागलं ना सुरभी, तर जामीन दिवा घेऊन शोधावा लागतो. खटला उभा राहीपर्यंत वर्ष-दोन वर्षं आत."

"फोन तर ते आधीच घेऊन गेले," सुरभी म्हणाली. "शाळेने सांगितलं, मामला निपटेपर्यंत येऊ नका. बाबांचं आत्ताच बायपास झालंय काकू, त्यांना मी काहीच नाही सांगितलं."

"पण तू टाकलंस काय असं?"

"फौजेबद्दल? कसम से काकू, एक अक्षर नाही टाकलं."

भानुमतीने माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने स्कूटरची किल्ली घेतली.

२

सायबर ठाण्याच्या इन्स्पेक्टरचं आडनाव खरे. बाहेरून येणारा प्रत्येक मराठी माणूस त्यांच्याशी मराठीत बोलायला जातो आणि फसतो. ते इथले कायस्थ. माणूस सभ्य, पण फायलीखाली दबलेला.

"वकील साहिबा, मेरी मजबूरी समझिए," ते म्हणाले. "शिकायत पोर्टल पर आई, दहशतगर्दी वाले खाने में. उस खाने की शिकायत सीधे कंपनी को जाती है और सीधे हमको. कंपनी ने उसी शाम पेज हटा दिया. पूरा का पूरा."

"तुम्ही तो व्हिडिओ पाहिलात?"

"कहाँ से देखता? मेरे पास फाइल आई तब तक पेज ही नहीं था. कंपनी को लिखा है. हटाते घंटों में हैं, देते महीनों में हैं."

"म्हणजे न पाहिलेल्या व्हिडिओवरून मुलीला आत टाकणार?"

खऱ्यांना मराठी समजतं. त्यांनी फाइल बाजूला सारली. मग म्हणाले, "मान लीजिए मैं कहता, बच्ची है, जाने दो. और उस फौजी गाड़ी में कुछ हो जाता. तब आप ही पूछतीं, खरे साहब सो रहे थे क्या?"

भानुमती यावर भांडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "हो, विचारलं असतं." नवऱ्याशी इतक्या सरळपणे ती कधी बोलत नाही.

"तक्रार कोणाची?"

"नाम गुप्त है. मुझे भी नहीं दिखता." त्यांनी कागद उचलला. "मजमून सुन लीजिए. 'वट पूजा के वीडियो में हरी साड़ी वाली एक फौजी की पत्नी बता रही है कि बबीना से पूरी पलटन की गाड़ी शनिवार को जाएगी. वीडियो तुरंत हटाया जाए.' अब मुझे दो में से एक चीज़ ला दीजिए. या तो वह वीडियो, या वह आदमी जिसने शिकायत की. गुरुवार तक मैं कलम रोकता हूँ."

सुरभी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिने मान वर केली. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"पण काकू," ती म्हणाली, "ते वाक्य तर व्हिडिओत ऐकूच येत नाही."

३

ठाण्यासमोरच्या टपरीवर उसाचा रस घेता घेता तिने सगळं सांगितलं.

वटपौर्णिमेला आमच्या बायका लक्ष्मी तालाकाठी, महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या वडाला जातात. गेल्या मंगळवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर चौघी उरल्या होत्या. गाणाऱ्या शशिकलाबाई, मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांची सून रुचिरा, छावणीत राहणारी अनुश्री, आणि व्हिडिओ घेणारी सुरभी.

"इतकं सुंदर दिसत होतं काकू. खाली जुने मळके धागे, आणि त्यांच्यावर आपले नवे, पांढरेशुभ्र. मी अनुश्रीवहिनीला घेत होते. ती धागा गुंडाळता गुंडाळता रुचिरावहिनीला बोलून गेली, 'ह्यांची सगळी पलटण शनिवारी निघतेय बबिन्याहून, म्हणून आज वडाला जास्तच साकडं घातलं.' घरी येऊन ऐकलं तर मला धस्स झालं. झाशीत वाढलेय मी. फौजेची गाडी कधी निघते ते बोलायचं नसतं, एवढं कळतं. म्हणून मी तिचा आवाज पुसला आणि त्याच्यावर शशिकलाकाकूंचं गाणं चढवलं. चित्र तेवढं ठेवलं, कारण ती हसत होती ना, फार छान दिसत होती. हे सगळं पेजवरच केलं, आणि फोनमधला मूळ व्हिडिओ लगेच डिलीट केला."

"अनुश्रीला सांगितलंस?"

"काय सांगायचं? काढून तर टाकलं होतं."

भानुमती रसाच्या पेल्यात बघत राहिली. "आणि कोणी व्हिडिओ काढ म्हणून सांगितलं होतं का?"

"त्याच संध्याकाळी बिननावाच्या खात्यावरून मेसेज आले. 'वीडियो हटा दो, किसी का घर टूट जाएगा.' मी नाही काढला. माझा उसूल आहे काकू, नाव न सांगणाऱ्याच्या सांगण्यावरून काही काढायचं नाही. ठेकेदाराची माणसं रोज असेच मेसेज टाकतात. एकाचं ऐकलं तर मग सगळंच काढावं लागेल."

उसूल वाईट नव्हता. मी मान डोलावली. भानुमतीने डोलावली नाही.

"अहो, ऐकलंत का," ती मला म्हणाली. "पेजवर जे कोणालाच ऐकू येत नव्हतं, ते तक्रारीत शब्दाला शब्द आहे. म्हणजे तक्रार करणाऱ्याने ते पेजवर ऐकलं नाही. वडाखाली ऐकलं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नानासाहेब होते. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"भानुमतीबाई, चोर सापडला. सलील इलाइट चौकात उभा राहून सगळ्यांना सांगतोय, तालकाठ मी बंद पाडलं म्हणून."

४

सलील हा आमच्यातलाच मुलगा, पण ठेकेदाराच्या प्रसिद्धीचं काम करतो. समथरच्या, म्हणजे इथल्याच बुंदेली घरातल्या ईशाशी त्याने लग्न केलं, तेव्हापासून घरात मराठी फक्त आईशी, तीही फोनवर. ठेकेदाराच्या ऑफिसात एसीच्या गारव्यात बसून त्याने आम्हाला लस्सी मागवली. चेहऱ्यावर वरमाला घातल्याचा आनंद.

"हओ काकू, मीच केली शिकायत. छिपाना क्या? आमच्या कंपनीची बदनामी करत होती ती. वकिलाची नोटीस पाठवायची तयारीच होती आमची, तिचे सगळे व्हिडिओ उतरवून ठेवलेत. पण मालक म्हणाले, कोर्टात तीन वर्षं जातील. मग मला हा मौका मिळाला."

"आणि फौजेचं ते तुला कळलं कुठून?"

"वडाजवळच होतो ना मी. ईशाची वटपूजा होती. ती धागा बांधत होती, मी बाइक लावून बाजूला उभा. अनुश्रीभाभी बोलल्या ते माझ्या कानांनी ऐकलं."

"त्याच दिवशी? मंगळवारी?"

"उसी दिन. ईशालाच विचारा."

भानुमतीने लस्सी संपवली, ओठ पुसले, आणि "बरं झालं, खरं बोललास," म्हणून उठली. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "चला, सुटलो. तक्रारदार मिळाला. खऱ्यांपुढे उभा करू आणि घरी जाऊन आमरस खाऊ."

"आमरस खाऊ," ती म्हणाली. "पण हा तक्रारदार नव्हे. याने तक्रार केलेली नाही."

"अगं, तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय."

"म्हणून तर."

५

नानासाहेबांनी आम्हाला बैठकीत बसवलं आणि पहिल्याच वाक्यात स्वतःवरचा संशय स्वतःच मांडला. मंडळाचा हॉल त्यांनी ठेकेदाराच्या मेजवानीला दिला, त्यावर सुरभीने खोचक लिहिलं होतं. भर सभेत ते म्हणाले होते, हे पेज बंद झालं पाहिजे.

"म्हणालो होतो. आजही म्हणतो," ते म्हणाले. "पोरीला जीभ आवरत नाही. पण भानुमतीबाई, आपल्या पोरीला पोलिसांच्या दारात नेऊन सोडणारा नाना नव्हे. मला तिचा कान धरता येतो. त्याला पोर्टल कशाला लागतं?"

त्यांचं मला पटलं. कान धरायला त्यांना खरंच आवडतं, माझाही त्यांनी धरलेला आहे.

रुचिरा पन्हं घेऊन आली. भानुमतीने सहज विचारावं तसं विचारलं, "तो वडाचा व्हिडिओ पाहिलास का गं?"

"कितीदा तरी. शशिकलाकाकूंचं गाणं काय गोड लागलंय त्यात. आमच्या घरात दोन दिवस तेच चालू होतं. मामंजीसुद्धा गुणगुणत होते."

"मी नाही गुणगुणलो," नानासाहेब म्हणाले.

छावणीत अनुश्रीकडे गेलो तेव्हा तिने दार उघडताना ओठांवर बोट ठेवलं. पाळण्यात तिचं तान्हं बाळ झोपलेलं. साताऱ्याकडची मुलगी, नवरा नामदेव हवालदार, पलटणीबरोबर शनिवारी गेलेला. आता पुढचं क्वार्टर मिळेपर्यंत ती एकटी. घरात सगळं दबक्या आवाजात होतं. टीव्हीवर बातम्या चालू, पण मुक्या. तिचा फोन ओट्यावर नुसता उजळला आणि विझला, तरी तिला कळलं.

"बाळाची झोप सशाची आहे काकू," ती कुजबुजली. "जरा आवाज झाला की उठतंय. जन्मल्यापासून फोनला आवाज म्हणून ठेवला नाही."

सुरभीचं कळलं का, असं भानुमतीने विचारल्यावर तिच्या हातातली वाटी थांबली.

"पेज बंद झालं एवढं कळलं. आणि काय झालं?"

"दहशतवादाचं कलम लावतायत तिला. गुरुवारी."

अनुश्री पाटावर बसलीच. मग म्हणाली, "तिला? तिला कशाला? पेज गेलं ना, मग झालं की."

"तू पाहिला होतास तो व्हिडिओ?"

"पाहिला. किती वेळ बोलताना दिसतेय मी त्यात. आमचे हे शेजारीच जेवत बसले होते."

भानुमतीने तिला आणखी काही विचारलं नाही. बाळाच्या पायांवरून हात फिरवला आणि निघाली. स्कूटरवर बसताना ती एवढंच म्हणाली, "सापडलं."

६

मला रहस्य रस्त्यात सांगायची तिची पद्धत नाही. घरी आल्यावर कूलरपुढे बसून, आमरसाची वाटी माझ्यासमोर ठेवून, मग ती बोलते. शिक्षिका व्हायची होती, वकील झाली.

"सलील खोटं का बोलतोय?" ती म्हणाली. "सुरभी काय म्हणाली होती? जुन्या मळक्या धाग्यांवर नवे धागे. ते जुने धागे कोणाचे?"

"इथल्या बायकांचे."

"त्यांची वटसावित्री कधी?"

आता मलाही दिसलं, आणि आधी दिसलं नाही याचा राग आला. इथल्या बायका वडाची पूजा करतात त्यांच्या ज्येष्ठातल्या, म्हणजे आपल्या वैशाखातल्या अमावस्येला. आमच्या बायका त्यानंतर पंधरवड्याने, पौर्णिमेला. आयुष्य गेलं झाशीत, दरवर्षी शेजारच्या बायका विचारतात, काय जिज्जी, तुम्हाओ बरगद अबै नईं पूजो? म्हणजे, तुमचा वड अजून पुजला नाही का?

"ईशा समथरची," भानुमती म्हणाली. "तिने धागा बांधला तो अमावस्येला. मंगळवारी तिथे ती नव्हती, मग तिला आणायला गेलेला सलीलही नव्हता. सलील आपल्यात वाढला, पण वडाला कधी आलाय? त्याला वाटलं, सगळ्यांची वटपूजा एकाच दिवशी. मालकापुढे मिरवायला त्याने दुसऱ्याचं पाप स्वतःच्या नावावर लिहून घेतलं."

"मग उरल्या वडाखालच्या बायका."

"शशिकलाबाईंचं तर स्वतःचंच गाणं. रुचिराला व्हिडिओबद्दल विचारलं तर ती गाण्याबद्दल बोलली. ज्याने तो व्हिडिओ कानांनी ऐकला त्याला गाणंच आठवणार, कारण त्यात दुसरं काही ऐकू येतच नाही. त्याला हेही माहीत की ते वाक्य गेलं. मग तो त्या वाक्याची तक्रार कशाला करेल?" तिने माझ्या वाटीतला शेवटचा चमचा स्वतः खाल्ला. "आवाज न लावता व्हिडिओ पाहिलेली बाई एकच आहे. शेजारी नवरा जेवतोय, पाळण्यात बाळ झोपलंय, आणि पडद्यावर आपले ओठ हलतायत. काय बोललो ते तिला पाठ होतं."

मी वाटी खाली ठेवली. अनुश्रीचं वय आमच्या पुतणीएवढं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा छावणीत गेलो. आम्हाला पाहून तिने काही विचारलं नाही. बाळाला मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसली आणि आपणच बोलायला लागली, तसंच दबक्या आवाजात.

"ह्यांना कितीदा बजावलेलं असतंय काकू. घरच्यांनी सांभाळून बोलायचं, काही टाकायचं नाही. आणि मीच बोलून बसले. यांच्यावर चौकशी बसली असती. नोकरी, पेन्शन, सगळं. आणि त्या गाडीत शंभर जणींचे नवरे. त्या रात्री मला झोप नाही. आधी बिननावाने मेसेज केला. नाव कसं सांगू? नाव सांगितलं की यांचं नाव आलंच. तिने काढलं नाही. मग ते रिपोर्टचं बटण दाबलं. त्यात यादी येते. अश्लील आहे का, फसवणूक आहे का, धमकी आहे का. मी 'इतर' दाबलं. उत्तर आलं, आम्हाला यात काही गैर आढळलं नाही. मग पोर्टलवर गेले. तिथं दहशतवादाचं दाबलं की लगेच बघतात म्हणून लिहिलं होतं."

"मग दाबलंस."

"एक व्हिडिओ जाईल एवढंच वाटलं होतं. सुरभीचं काय होईल, हे डोक्यातच आलं नाही." ती रडत होती, पण आवाज न करता. बाळामुळे ती सवय तिला झाली होती. "मी येते पोलिसांकडे. सांगते मीच केलं. पण मग यांचं जाईल ना काकू?"

मला वाटलं, भानुमती हो म्हणेल. तिच्या अशिलाची सुटका दारात उभी होती. खऱ्यांनी दोनपैकी एक मागितलं होतं, आणि त्यातलं एक समोर बसून डोळे पुसत होतं.

"तू कुठे यायचं नाहीस," भानुमती म्हणाली. "अजून एक दार आहे."

७

सलीलने या वेळी लस्सी विचारली नाही, कारण भानुमतीने बसायच्या आधीच सुरुवात केली.

"सलील, तक्रार तू केलीस हे पक्कं ना? मी उद्या खऱ्यांना तसं लिहून देते. मात्र तुझ्या तक्रारीत एक वाक्य आहे, जे त्या व्हिडिओत नाही. दहशतवादाची खोटी तक्रार केली तर काय होतं, ते तुमच्या कंपनीच्या वकिलाला विचारून ठेव. आणि ईशाने पौर्णिमेला वड पुजला, हे तिच्या समथरच्या आईपुढे सांगायचीही तयारी ठेव."

सलीलच्या चेहऱ्यावरून वरमाला उतरली. थोडं इकडेतिकडे झालं, पाणी मागवलं गेलं, दार लोटून घेतलं गेलं.

"काकू, यूँ ही बोल गया था," तो म्हणाला. "मालक खूश झाले, मग मागे कसा येऊ? मी नाही केली शिकायत. व्हिडिओत अनुश्रीभाभी बोलताना दिसतात म्हणून त्यांचं नाव घेतलं, मला तर माहीतही नाही काय वाक्य होतं."

"ते मला ठाऊक आहे. मला फक्त एक गोष्ट हवी. तू म्हणालास, तिचे सगळे व्हिडिओ उतरवून ठेवलेत."

सलीलने होय म्हटलं. नोटिशीसाठी त्याने तालकाठवरचा प्रत्येक व्हिडिओ टाकल्या टाकल्या साठवला होता. ज्या दिवशी पेजवाल्या कंपनीने पेज झाडून पुसलं, त्या दिवशी साऱ्या जगात सुरभीच्या व्हिडिओंची एकच प्रत उरली होती, आणि ती तिच्या वैऱ्याच्या कपाटात. देवाला विनोद कळतो असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

गुरुवारी खऱ्यांच्या खोलीत आम्ही तो व्हिडिओ लावला. कोपऱ्यात तालकाठचं चिन्ह, टाकल्याची तारीख, सगळं जागच्या जागी. सलील मान खाली घालून बाजूला उभा, आपण तो पेजवरून कसा उतरवला ते त्याने लिहून दिलं. हिरव्या साडीतली अनुश्री वडाभोवती फिरते, हसते, ओठ हलतात, आणि ऐकू येतं ते शशिकलाबाईंचं गाणं. खऱ्यांनी तो तीनदा लावला. शेवटी आवाज पूर्ण वाढवून डोळे मिटून ऐकला.

"इसमें तो भजन है," ते म्हणाले.

"सावित्रीचं गाणं आहे. माहिती पसरवली म्हणायला ती आधी कोणाच्या कानावर पडायला हवी, खरेसाहेब. मुलीने ती स्वतःहून पुसली. तुमचं खातं जे काम करतं, ते तिने कोणी न सांगता केलं."

खऱ्यांनी फायलीवर लिहायला घेतलं. कलम लागणार नव्हतं. फोन परत मिळणार होता, शाळेला पत्र जाणार होतं. पेन थांबवून ते म्हणाले, "एक बात बताइए. शिकायत किसने की थी? आपको पता है, चेहरे से दिखता है."

"ज्याने केली त्याने घाबरून केली. नाव न सांगता बोलायची सोय तुमच्या पोर्टलने दिली आहे ना? मग ती मोडायला मला कशाला सांगता?"

"और अगर मैं पूछूँ, वह हरी साड़ी वाली कौन है?"

"बायकोला विचारा तुमच्या. वडाला जाणारी कोणतीही बाई असू शकते."

खरे हसले आणि फाइल मिटली.

८

सुटल्याचा आनंद सुरभीने एक दिवस केला. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे येऊन बसली आणि एकच धोशा लावला. नाव सांगा. कोणी केलं ते सांगा. माझी रात्रीची झोप गेली, शाळेत मुलं बघतात माझ्याकडे, आणि तुम्ही म्हणता घाबरून केलं.

"पेज परत सुरू कर," भानुमती म्हणाली. "नाव विसर."

"कंपनी म्हणते अर्ज विचाराधीन आहे. काकू, मला हक आहे जाणून घ्यायचा."

भानुमतीचं लक्ष दाराकडे होतं, तिथे अनुश्री उभी होती. खांद्यावर बाळ झोपलेलं. छावणीतून एवढ्या उन्हात ती रिक्षाने आली होती. आम्ही तिला बोलावलं नव्हतं.

"मी केलं," ती दारातूनच म्हणाली. "तो मेसेज माझा. ती तक्रारही माझीच."

सुरभी उभी राहिली. मला वाटलं आता काही तरी फुटणार, म्हणून मी टेबलावरचा तांब्या सरकवून ठेवला.

"नाव का नाही सांगितलं वहिनी?" सुरभीने विचारलं. "एकदा नाव सांगितलं असतं तर मी तेव्हाच—"

"आणि तू मला का नाही सांगितलंस, की आवाज काढलाय म्हणून?"

कूलर घरघरत राहिला. खरं सांगायचं तर मला दोघींचाही राग आला आणि दोघींची दयाही आली, आणि त्या यादीचा सगळ्यात जास्त राग आला. अश्लील, फसवणूक, धमकी, दहशतवाद. एवढे सगळे खण, पण बाई चुकून बोलली, तेवढं जरा पुसा, असं म्हणायला खण नाही.

सुरभीने पर्समधून परत मिळालेला फोन काढला. सलीलने दिलेली प्रत तिने त्यात घेतली होती. "बसा वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही हा ऐकलाच नाही ना अजून?"

अनुश्री जमिनीवर बसली, बाळाला मांडीवर घेतलं. सुरभीने व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला. मळक्या धाग्यांवर नवा धागा चढत गेला, हिरव्या साडीतली बाई हसली, तिचे ओठ हलले. ज्या वाक्यासाठी तिने इतक्या रात्री जागून काढल्या होत्या त्या जागी शशिकलाबाई गात होत्या.

अनुश्रीने पदर तोंडाला लावला. बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. सुरभी आवाज कमी करायला गेली.

"राहू दे," अनुश्री म्हणाली. "पुन्हा लाव."